निखिल पेडणेकर, पहिला वर्ग

आमच्या क्लबात नावं पुकारायचं काम माझ्याकडे आहे. आवाज मोठा आणि दुसरं काही धड येत नाही, एवढीच त्यासाठीची पात्रता. शिवडीला बंदराच्या बाजूला एका ट्रान्सपोर्टवाल्याचं मोकळं आवार आहे. टॉवरांचे पाये खणताना निघालेले काळे दगड त्याने तिथे आणून टाकले आहेत, आणि रविवारी सकाळी त्या दगडांवरून रिमोटच्या गाड्या चढवण्याची आमची स्पर्धा चालते. गाडी दोन विती लांब, वेग मुंगीचा. दगडांमध्ये काठ्यांच्या जोड्या रोवलेल्या असतात, त्यांना आम्ही गेट म्हणतो. काठीला धक्का न लावता, गाडी न उलटवता, हवा तेवढा वेळ घेऊन एकेक गेट पार करायचं. पन्नाशीचे बाप्ये त्यासाठी उन्हात उकिडवे बसून घाम गाळत असतात. माझी बायको याला पोरखेळ म्हणते. मी वाद घालत नाही, कारण तिचं बरोबर आहे.

पहिल्या वर्गाची नावं वाचताना एका जागी मी अजून अडखळतो. तिथे पूर्वी एक नाव असायचं. ते पुकारलं की मागून एक खणखणीत ‘हजर’ यायचं. हजर म्हणणाऱ्या सिस्टरना जाऊन आता दुसरं वर्ष लागलं. नाव कधीच काढलंय, पण त्या जागी माझा एक श्वास अजून थांबतो, आणि मागे उभी असलेली जुनी मंडळीही तेवढा वेळ गप्प होतात. नव्या लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला दम लागला.

आधी वर्गांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आमच्याकडे तीन वर्ग. पहिला नवशिक्यांचा. गाडी खोक्यातल्या सुट्या भागांची जोडलेली, जशीच्या तशी हवी, चाकं ठरलेल्या मापाची, वरचा सांगाडा खऱ्या जीपसारखा, आणि आत स्टिअरिंगमागे ड्रायव्हरचा पुतळा बसलेला हवा. दुसऱ्या वर्गात चाकं, मोटर, स्प्रिंगा बदललेल्या चालतात. तिसऱ्यात काहीही चालतं, आणि त्यातल्या गाड्या गाड्यांसारख्या दिसतही नाहीत. नियम एकच कडक. पहिल्या वर्गात जो पहिला येईल त्याने पुन्हा त्या वर्गात उतरायचं नाही. नवशिक्यांच्या ताटातला घास कायम एकानेच खाऊ नये म्हणून आम्हीच तो केला होता.

निखिल पेडणेकर माझ्या वाट्याला एकदाच आला, तो नाव नोंदवायला. लालबागचा, उंच, केसांना कुठे कुठे सोनेरी रंग लागलेला. गणपतीच्या कारखान्यात तो डोळ्यांची आखणी करायचा. गाडी टेबलावर ठेवून त्याने विचारलं, “काका, मी दुसऱ्यात जाऊ का? पहिल्यात सगळे बच्चे असतील ना?”

“तू किती वेळा चालवलीयस?”

“गच्चीत. उशांवरून.”

“मग तूही बच्चाच. पहिल्यात टाकतो.”

तो मोकळं हसला. गाडीतला ड्रायव्हर त्याने स्वतः मातीचा घडवला होता, निळ्या शर्टाचा, भांग पाडलेला, ओठ जरासे मुडपून हसणारा. चेहरा हुबेहूब त्याचाच होता. फक्त डोळे नव्हते. डोळ्यांच्या जागी नुसता अंगाचा रंग होता.

“डोळे राहिले काय रे?”

“डोळे शेवटी, काका. आमच्याकडे तसंच असतं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी काढतो, मग तो जागा होईल.”

स्पर्धेच्या दिवशी मी त्याचं नाव पुकारलं. कोणी पुढे आलं नाही. दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा मागून बाईमाणसाचा आवाज आला, “हजर.”

साठीच्या बाई होत्या. सुती पंजाबी ड्रेस, केस घट्ट बांधलेले, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीतून तोंड बाहेर काढलेली ती जीप. मी विचारलं, “निखिल नाही आला?”

“आला असता,” त्या म्हणाल्या. “पंधरवड्यापूर्वी बाइकवरून जात होता, ह्याच रस्त्याला. ट्रेलरखाली गेला. परवा तेरावं झालं.” सकाळच्या राऊंडला डॉक्टरांना पेशंटची हकीकत सांगावी तसं त्यांनी ते सांगितलं. मग जराशा संकोचाने म्हणाल्या, “त्याने नाव दिलं होतं ना. कोणीतरी यायला पाहिजे म्हणून आले. मी आई त्याची.”

बाईंनी गाडी दगडावर ठेवली, रिमोट उलटा धरला, कोणीतरी तो सुलटा करून दिला. पहिल्याच गेटला जीप धाडकन उलटली. त्यांनी ती उचलली, पुतळ्याच्या केसांवरची माती बोटाने झटकली आणि मला विचारलं, “पुढची स्पर्धा कधी आहे?”

त्या एका मोठ्या सरकारी इस्पितळाच्या बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. नाव नलिनी, पण कोणी ते कधी वापरलं नाही. महिन्या-दोन महिन्यात त्या आमच्या सगळ्यांच्या सिस्टर झाल्या. सवयी वॉर्डातल्याच राहिल्या होत्या. रिमोटला हात लावण्याआधी बाटलीतल्या पाण्याने हात धुवायच्या, तेही कोपरापर्यंत. फेरी संपली की पालथा हात मोटरवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, “अंग गरम लागतंय. जरा पडू दे त्याला.” दुसऱ्यांच्या गाड्यांनाही तपासायच्या. एखाद्याची गाडी सारखी उलटत असली तर म्हणायच्या, “डोकं जड आहे हिचं. वरचं सामान काढा.” आणि ते बरोबर निघायचं, निदान बऱ्याचदा. चुकलं तर खो खो हसायच्या. एकदा त्यांनी बॅटरी उलटी लावून आमच्या क्लबातल्या मिलिंदचा चार्जर जाळला, आणि वर त्यालाच दटावलं की, असं जळणारं सामान आणतोस कशाला.

आमच्याशी त्या साधं मराठी बोलायच्या. गाडीशी मालवणी. “सावकास चल मरे. घाई कित्याक करतंस? कोण मागे लागलो हा?” असं सगळं. दगडाच्या कडेशी चाक लटकलं की आवाज एकदम खाली यायचा, “थांब. थांब झिला. मी हंय आसंय.” पहिल्या पहिल्यांदा आमच्या अंगावर काटा यायचा. नंतर सवय झाली, असं मी लोकांना सांगतो. माझ्यापुरतं ते खरं नाही.

एकदा परतताना आम्ही एकाच टॅक्सीत बसलो. मला परळला उतरायचं होतं, त्यांना पुढे लालबागला. पिशवी त्यांनी आमच्या दोघांच्या मध्ये सीटवर ठेवली होती, पुतळ्याचं तोंड रस्त्याकडे. त्याला पुढचं दिसायला हवं, असं त्यांचं म्हणणं. टॅक्सीवाल्याने ब्रेक मारला की बोलता बोलता त्यांचा हात आपसूक पिशवीपुढे आडवा जायचा. आपण लहान मुलापुढे धरतो तसा. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

“सिस्टर,” मी शेवटी विचारलं, “डोळे काढून घेत नाही तुम्ही? कारखान्यात त्याचे मित्र आहेत, कोणीही काढून देईल.”

“आले होते दोघं. ब्रश घेऊन आले होते.” त्यांनी पिशवीचा बंद सरळ केला. “मी चहा दिला आणि पाठवून दिलं. त्याचं काम त्याने ठेवलंय. मी कोण संपवणारी?”

नवीन माणूस आला की नोंदणीच्या टेबलाशी सिस्टर खुर्ची ओढून बसायच्या. हे काम त्यांना कोणी दिलं नव्हतं. माहीमला जिम चालवणारा संदेश पहिल्यांदा आला ते दृश्यच होतं. दंडावर गोंदण, आणि हातातली गाडीही मालकासारखीच फुगवलेली. इंटरनेटवर व्हिडिओ बघून त्याने खोकं उघडायच्या आधीच मोठी चाकं, मोठी मोटर असं सगळं मागवलं होतं. त्याला थेट तिसरा वर्ग हवा होता.

सिस्टरनी चाक अंगठ्याने दाबून बघितलं. “पहिल्यांदाच ना?”

“हां, पण गाडी फुल तयार आहे, आंटी.”

“गाडी तयार आहे. तू?”

“म्हणजे?”

“माझ्या वॉर्डात नवीन पोरी यायच्या. आल्या आल्या ऑपरेशनमध्ये उभं राहायचं असायचं त्यांना. मी म्हणायचे, आधी बाळ पुसायला शिका. खोक्यात आली होती ती चाकं आहेत ना घरी? ती लाव, पहिल्यात ये. गाडी कशी पडते ते कळू दे. मग काय बदलायचं ते तुझं तुलाच कळेल.”

संदेशने ऐकलं नाही. तिसऱ्या वर्गाच्या पहिल्याच चढावर त्याची गाडी मागच्या मागे पालथी झाली आणि खालच्या चिखलात रुतून बसली. पुढच्या खेपेला तो गुपचूप लहान चाकं लावून आला, सिस्टरच्या पाया पडला आणि त्याच दिवशी पहिल्या वर्गात चौथा आला. नंतर तो वर गेलाही. सिस्टरनी बोट धरून पहिल्या वर्गात बसवलेले असे कितीतरी जण जिंकून वर गेले. सिस्टर तिथेच राहिल्या.

का राहिल्या, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. वर्षभरात त्यांचा हात चांगला बसला होता. गाडी उलटायची थांबली, काठ्यांना धक्का लागेनासा झाला. पण शेवटच्या गेटच्या अलीकडे त्या गाडी थांबवायच्या, रिमोट काखेत धरायच्या, वाकायच्या आणि गाडी उचलून घ्यायच्या. आमच्यात गाडी उचलली की फेरी संपते आणि उरलेलं गेट हुकलं असं धरतात. मला आधी वाटलं, गुडघे दुखत असतील. मग वाटलं, नजर कमी झाली असेल. मग एकदा शेवटचं गेट इतकं सोपं होतं की आंधळ्यानेही पार केलं असतं, आणि त्या दिवशी सिस्टर सगळ्यांच्या पुढे होत्या. तरी त्यांनी उचलली. मी पंच म्हणून हातभर अंतरावर उभा होतो.

“मुद्दाम उचलली तुम्ही,” मी हळूच म्हटलं.

“मग? जिंकले तर वर ढकलाल ना तुम्ही मला?”

“ढकलू म्हणजे, नियमच आहे तो. पण वर जायला काय हरकत आहे?”

“दुसऱ्या वर्गातले दगड बघितलेत? ह्या चाकांवर एक तरी गेट होईल का?” त्यांनी पिशवीत गाडी बसवली, तोंड बाहेर. “मग चाकं बदला, मोटर बदला, स्प्रिंगा बदला. साटम, हे स्क्रू त्याने आवळलेत. मी सोडवले तर ती माझी गाडी झाली. आणि नुसती घरी ठेवली तर नाव कोण पुकारणार? घरात त्याच्या नावाने कोण हाक मारतं आता? इथे तुम्ही मारता. सगळ्या पोरांच्या नावांत त्याचं नाव येतं. तेवढ्यासाठी येते मी.”

गेलेल्या माणसाच्या नावाने नोंदणी कशी चालते, असं क्लबात एक-दोघांनी विचारलं, तेव्हा मी माझा तो मोठा आवाज वापरला. पुन्हा कोणी विचारलं नाही. त्यानंतर मी ते नाव जरा जास्तच सावकाश, सुटं सुटं करून पुकारू लागलो. निखिल. पेडणेकर. पहिला वर्ग. “हजर,” सिस्टर म्हणायच्या, आणि तेव्हा त्यांचा चेहरा कसा व्हायचा ते मला नीट सांगता येणार नाही. शाळेच्या गेटाशी उभ्या असलेल्या आईला गर्दीतून आपलं मूल दिसतं तेव्हा होतो तसा.

अशी काही वर्षं गेली. मग गाडीला आवाज यायला लागला.

चढावर जोर पडला की आतून कट् कट् असं व्हायचं, आणि गाडी क्षणभर जागच्या जागी अडकायची. मिलिंद कांबळे म्हणाला, गिअरचा दात गेलाय. मिलिंद घोडपदेवचा, दिवसभर लोकांचे एसी दुरुस्त करतो आणि रविवारी आमच्या गाड्या. सिस्टर कितीतरी दिवस नको नको म्हणत राहिल्या. शेवटी एका दुपारी आम्ही तिघं मिलिंदच्या चाळीतल्या खोलीत जमलो. त्याच्या आईने आम्हाला सरबत दिलं. भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो, खाली मिलिंदचं हत्यारांचं कपाट. त्याने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि गाडी उताणी केली. सिस्टरनी पुतळा आधीच काढून मांडीवर घेतला होता, तोंड दुसरीकडे करून.

मिलिंदने स्क्रू सोडवले, गिअरबॉक्सचं झाकण उचललं आणि पुसायला फडकं घेतलं.

“थांब,” सिस्टर म्हणाल्या.

झाकणाच्या आतल्या बाजूला ग्रीसचा थर होता, जुना, मेणासारखा घट्ट झालेला. त्यात अंगठ्याचा ठसा होता. झाकण बसवताना दाबला असणार. इतका स्पष्ट की त्यातली रेघ न् रेघ दिसत होती, आणि मधून एक तिरपी चीर गेलेली.

“कारखान्यात सुरी लागली होती,” सिस्टर म्हणाल्या. “मीच टाके घातले होते घरी.” त्यांनी झाकण उजेडाकडे नेलं. “माझ्याच वॉर्डात झाला तो. जन्मल्यावर पायाचा ठसा माझ्या मैत्रिणीने घेतला, मला दाखवायला आणला होता. एवढासा. तसा हा दुसरा.”

मिलिंदच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. खालून लहान मुलांच्या खेळण्याचा आवाज येत होता, तो मला तेव्हा फार लांबचा वाटला. शेवटी मिलिंदच म्हणाला, “सिस्टर, ह्या ग्रीसमध्ये तुटलेल्या दाताचा चुरा आहे. सगळं धुतलं नाही तर नवीन गिअरही खाईल तो. असं करू, मी नवीन झाकण लावतो. हे तुम्ही घरी जपून ठेवा. पेटीत ठेवा.”

“घरी काय कमी आहे रे त्याचं? शर्ट आहेत, ब्रश आहेत, चपला आहेत. सगळं पडून आहे.” त्यांनी झाकण त्याच्या हातात दिलं, कडेला धरून. “चालतं-फिरतं एवढंच आहे. बंद कर.”

“चढावर असंच कट् कट् करत राहील. आणि उतारावर तर धरणारच नाही. तुम्ही थांबवाल, पण ती थांबणार नाही. एक दिवस हातातून जाईल, सिस्टर.”

“बघू.”

मिलिंदने झाकण होतं तसं बसवलं. माझ्यादेखत त्याने इतके नाजूक हात कधी लावलेले नाहीत. आपण जे बघितलं त्याचा उल्लेख आम्ही कोणीच पुन्हा केला नाही, पण त्यानंतर ती गाडी दगडावर चढायला लागली की मला ते आतलं अंधारातलं बोट दिसायचं, फिरत्या चाकांच्या वर टेकलेलं. मी देवभोळा नाही, भुताखेतांवर तर मुळीच विश्वास नाही. तरी सांगतो, मला भीती वाटायची. आणि ते पुसलं जाऊ नये असंही वाटायचं.

कट् कट् वाढत गेलं. सिस्टरच्या गाडीची फेरी आता सर्वांत लांब चालायची. जिथे दुसरी गाडी सरळ चढायची तिथे ही थांबायची, घसरायची, पुन्हा सुरू व्हायची. सिस्टर वाकून, जवळजवळ दगडाला कान लावून बोलत राहायच्या. तरुण पोरं कंटाळून चहाला जायची, पण परत येऊन गपचूप बघत उभी राहायची. घरी बायको गॅसचा लायटर दाबते ना, तेवढा कट् आवाज झाला तरी माझी मान आजही वर होते.

शेवटची स्पर्धा थंडीतली होती. खाडीकडून वारा येत होता आणि उन्हात सगळ्यांना बरं वाटत होतं. मार्ग मिलिंदने आखला होता. शेवटच्या गेटच्या आधी एक काळा दगड, त्याचा माथा सपाट, आणि पलीकडे हलका उतार. उताराच्या तळाशी गेटच्या दोन काठ्या. मी नाव पुकारलं, मागून हजर आलं, हात धुऊन झाले, आणि पुतळ्याला वारा लागतोय म्हणून सिस्टरनी जीपची पुढची काच वर केली.

त्या दिवशी गाडी चांगली चालली. का ते मिलिंदलाही कळलं नाही. आवाज करत होती, पण अडत नव्हती. वर्गातल्या बाकी सगळ्यांनी कुठे ना कुठे काठीला धक्का लावला होता, हिचा एकाही काठीला लागला नाही. सिस्टर खुशीत होत्या, “आज काय खाऊन इलंस रे?” असं काहीबाही चाललं होतं. गाडी माथ्यावर आली. नेहमीप्रमाणे सिस्टरनी ती थांबवली. रिमोट काखेत धरला. गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या आणि उचलायला हात पुढे केला.

आतून एकदा कट् झालं, आणि गाडी निघाली.

वेग नव्हता तिला. सिस्टरच्या बोटांपासून चार बोटं अंतरावरून ती सुटली आणि त्या उतारावरून अगदी सावकाश, डगमगत, निघून गेली. सिस्टरचा हात तसाच पुढे होता. मला वाटलं ती काठीवर आपटेल. नाही आपटली. दोन्ही काठ्यांच्या बरोबर मधून गेली, तळाशी थांबली आणि सरळ उभी राहिली. आत निळ्या शर्टाचा ड्रायव्हर हसत बसलेला.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. संदेश ओरडला, “आंटी, मारलंत!” मग एकेकाला सिस्टरचा चेहरा दिसला आणि टाळ्या बंद पडल्या.

“साटम,” सिस्टर मला म्हणाल्या, “तुम्ही बघितलंत ना? मी नाही नेली.”

“हो. बघितलं.”

“मी थांबवली होती.”

“हो, सिस्टर.”

मिलिंद काहीतरी सांगायला पुढे आला, गिअरचं, उताराचं. मी त्याच्या दंडाला धरलं. मग सिस्टरच्या जवळ गेलो आणि फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “गेटाच्या आधी उचलली असं धरतो. कोणी काही बोलणार नाही. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यात घेतो तुम्हाला.” आणि मी ते केलं असतं. आयुष्यात पंच म्हणून एकदाही खोटं बोललो नव्हतो, पण तेव्हा बोललो असतो आणि मला झोपही लागली असती.

सिस्टर खाली उभ्या असलेल्या गाडीकडे बघत राहिल्या. कितीतरी वेळ. मग त्यांनी काखेतला रिमोट काढला आणि त्याचं बटण बंद केलं.

“नको,” त्या म्हणाल्या. “गेला ना तो. वॉर्डात आम्ही बायकांना सांगायचो, मूल यायला लागलं की धरून ठेवायचं नाही. जाणाऱ्याचंही तेच असणार.” त्यांचा आवाज फुटला नाही. “धरा पहिला नंबर. त्याचा आहे तो.”

त्या उतरून खाली गेल्या आणि गाडी उचलली. पालथा हात मोटरवर ठेवला, जसा नेहमी ठेवायच्या. या वेळी अंग गरम आहे की नाही ते काही बोलल्या नाहीत.

बाकीच्या वर्गांच्या फेऱ्या उरकेपर्यंत दुपार झाली. निकाल वाचायला मी टेबलाशी उभा राहिलो. गणपतीच्या कारखान्यातल्या कुठल्याशा पोराने घडवलेला मातीचा छोटा दगड आम्ही बक्षीस म्हणून देतो, तो हातात घेतला. सिस्टर मागेच असतील असं समजून मी माझ्या त्या सावकाश पद्धतीने पुकारलं, “पहिला वर्ग. पहिला क्रमांक. निखिल पेडणेकर.”

हजर आलं नाही.

सगळ्यांनी माना वळवल्या. मी पुन्हा पुकारलं, जरा मोठ्याने. तेव्हा त्या मला दिसल्या. आवाराच्या फाटकातून बाहेर पडून, गोदामांच्या भिंतीकडेने त्या बसस्टॉपकडे चालल्या होत्या. माझा आवाज त्यांच्यापर्यंत सहज पोचत होता. त्यांची पावलं थांबली नाहीत. खांद्यावर ती पिशवी होती, आणि पहिल्यांदाच पुतळ्याचं तोंड मागे होतं, आमच्याकडे. त्याला डोळे नव्हते. तरी तो सगळा वेळ माझ्याकडे बघत होता.

त्या उन्हाळ्यात सिस्टर गावी गेल्या आणि तिकडेच गेल्या, झोपेत, असं मिलिंदला कोणीतरी सांगितलं. गाडीचं काय झालं ते आम्ही विचारलं नाही.

त्या दिवशी मात्र त्या भिंतीच्या टोकाशी वळेपर्यंत मी तो मातीचा दगड हातात धरून उभा होतो. संदेश म्हणाला, “काका, अजून एकदा आवाज द्या ना. ऐकू गेलं नसेल.”

मी तिसऱ्यांदा नाव पुकारलं नाही.